गैरसमज झालाच नव्हता

घटस्फोटानंतरची काही वर्षं मी प्रेमकथा वाचण्यात काढली. कन्नड मुलखात, कोरमंगलात छोटं भाड्याचं घर, ऑफिसची बस आणि फोनवर कादंबरी. तीही एकाच जातीची. कॉलेजातलं पहिलं प्रेम, ताटातूट, मग कित्येक वर्षांनी दोघं एकाच शहरात. अशा कथांचा सांगाडा मला पाठ झाला होता. ताटातुटीमागे गैरसमज असतो. कुणीतरी निरोप पोचवलेला नसतो, कुणाची तरी आई काहीतरी बोललेली असते. शेवटाच्या जरा आधी ते उघडकीला येतं, दोघं रडतात आणि मधली सगळी वर्षं माफ होतात. हे मी वाचते, हे ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं.

अशात एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला. तो नागपूरला इंजिनिअरिंगला माझ्याच वर्गात होता, आणि शेवटची दोन वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. त्याची माझ्याच शहरात, बोम्मसंद्राच्या पंपाच्या कारखान्यात बदली झाली होती. मी लगेच फोन लावला.

"काय करून राहिली तू?" तो म्हणाला.

इथे दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. ऑफिसातले मराठी लोक पुण्या-मुंबईकडचे. ते नागपुरी 'करून राहिली' ऐकलं आणि मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. परीक्षा संपल्यावर तो नोकरीसाठी पुण्याला गेला, फोन कमी होत गेले आणि एका दिवाळीनंतर थांबले. मी माझ्यापुरतं एक कारण शोधून ठेवलं होतं. त्याच्या आईला मी पसंत नसणार, तिनं त्याला शपथ घातली असणार. पुरावा एवढाच, की एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा तिनं मला चहा विचारला नव्हता.

रविवारी सकाळी जयनगरला भेटायचं ठरलं. तो आला तेव्हा कपाळावर हेल्मेटचा वळ होता आणि केस बरेच विरळ झाले होते. उभ्यानं खायच्या हॉटेलात आम्ही डोसा घेतला. त्याचंही लग्न मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. हे त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं. मग सांबार चाखून म्हणाला, "हे गोड आहे बावा."

मी धीर करून विचारलं, "तेव्हा तू फोन करणं का बंद केलंस? आई काही म्हणाली होती का?"

तो गोंधळला. "आई? तिला तू चांगली वाटायचीस. ती कशाला काय म्हणेल?"

"मग?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "खरं सांगू? तू आवडायचीस. पण लग्न करावं इतकं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तसं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून फोन टाळत गेलो. चुकलंच ते."

पुढं मी काय बोलले ते आठवत नाही. कॉफी न घेताच निघाले, रिक्षात बसले आणि घरापर्यंत रडत आले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहून गाण्याचा आवाज कमी केला. गैरसमज असता तर कुणावर तरी खापर फोडता आलं असतं. इथे तर काहीच नव्हतं. एका मुलाला पुरेसं वाटलं नव्हतं, बस. त्या आठवड्यात बसमध्ये अर्धी राहिलेली कादंबरी उघडली. नायकाच्या आईनं केलेलं कारस्थान नुकतंच फुटत होतं. मी ती फोनमधून काढून टाकली.

महिनाभर त्याच्या मेसेजना मी उत्तर दिलं नाही. मग त्यानं लिहिलं, "घर मिळालंय, पण मालकीणबाई फक्त कन्नड बोलतात. तुला येते नं? येशील का?" काम होतं म्हणून गेले. नुसतं भेटायला बोलावलं असतं तर गेले नसते.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, मला स्वल्प कन्नड येतं," आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलणी सुरू केली. भाडं ठरलं, पाण्याची वेळ ठरली. मग त्यांनी घरात मांस शिजवायचं नाही असं बजावलं. नागपूरच्या माणसाचा चेहरा पडला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "अंडी तरी चालतील का, विचार नं."

"मोट्टे?" मी विचारलं.

अंडीसुद्धा चालणार नव्हती. परतताना मला इतकं हसू येत होतं, की त्याच्यावरचा राग धरून ठेवणं जमेना.

त्यामुळे असं झालं, की मटण खायचं तर त्याला माझ्याकडे यावं लागे. दर रविवारी तो होसूर रोडच्या गर्दीतून मसाल्याचा डबा घेऊन येई. कांदा मी चिरायचा, वाटण त्यानं करायचं. पहिल्या वेळी इतकं तिखट झालं की शेजारची मुलगी खोकत बाहेर आली. आम्ही जुन्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसू. त्याच्या कारखान्यातल्या कटकटी, माझ्या मॅनेजरचा स्वभाव, असंच चाले. मला ताप आला तेव्हा तो रजा घेऊन आला, खिचडी टाकली आणि माझ्या खोलीतला बंद पडलेला पंखाही दुरुस्त करून गेला. त्या दिवशी मी अंथरुणातून त्याला पाहत होते. कॉलेजातल्या मुलाची आठवण मला आली नाही. हा घाम पुसत स्टुलावर उभा असलेला माणूस आवडतोय, हे मात्र कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात, भांडी घासून झाल्यावर, मीच म्हटलं, "इतक्या लांब कशाला राहतोस? इथेच राहा."

"भाडेकरू म्हणून?"

"नवरा म्हणून."

त्यानं ओले हात शर्टाला पुसले. मग म्हणाला, "मी विचारणार होतो. तुला पुन्हा दुखावलं जाईल म्हणून भीत होतो."

"विचारलं असतंस तर दुखावले नसते."

"मग आता विचारतो," तो म्हणाला, आणि रीतसर विचारलं.

मी माझ्या आईला फोन केला. तिनं त्याचं नाव पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाली, "तोच का, ज्याच्यापायी तू दोन महिने जेवली नव्हतीस?"

"तोच."

"त्याला माहीत आहे ते?"

"नाही."

"मग सांग आधी. लग्नानंतर सांगशील तर भांडणात सांगशील."

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि त्या रविवारी कांदाही त्यानंच चिरला. पावसाळा संपल्यावर आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून सह्या करायला नागपूरहून माझी आई आली होती आणि प्रवास न झेपणाऱ्या त्याच्या आईऐवजी त्याची बहीण; तिसरी सही करून माझी ऑफिसातली मैत्रीण कामावर गेली. दुपारी चौघांनी जवळच्याच हॉटेलात केळीच्या पानावर जेवण केलं. आईला भात संपवता येईना, तेव्हा तो तिच्या पानातला भात स्वतःच्या पानात घेऊ लागला. "असू दे, असू दे," असं ती म्हणत राहिली. त्याचा हात मात्र तिनं अडवला नाही.