वाफसा

यंदा भातकापणीनंतर पाऊस पडला आणि परसातल्या ओल्या मातीच्या वासाने मला गणेशपुरीचं आमचं शेत आठवलं.

तेव्हा मी भिवंडीला लूमवर कामाला होतो. आई गेल्यापासून बाबा गावी एकटेच. वाल पेरायला मी एका दिवसासाठी गेलो, तर आदल्या दिवशी असाच पाऊस झालेला.

"लवकर पेरू, बाबा. दुपारच्या एसटीने निघायचंय, संध्याकाळची शिफ्ट हाय."

"वाफसा न्हाय अजून," बाबा म्हणाले. "ऊन पडलं का ओली माती वाफ सोडते, म्हणून वाफसा. मूठभर माती दाबून खाली टाकायची. गोळा फुटला का पेरायचं."

आम्ही बांधावर बसलो. मातीवरून खरंच विरळ वाफ निघत होती. बाबा आईविषयी बोलत राहिले. एरवी ते तिचं नावही घेत नसत. दुपारी त्यांनी मातीचा गोळा टाकला. तो फुटला.

"न्हाय अजून," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांनाच कळतं. एसटी निघून गेली, शिफ्ट बुडाली, आणि मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिलो. पेरणी दुसऱ्या दिवशी झाली.

आता मातीतलं मलाही थोडं कळतं. त्या दुपारी वाफसा आलेला होता, आणि बाबांना ते माहीत होतं.