काकूंनी एकदाच केलेली घाई

इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या काकूंनी आयुष्यात बिअरचा थेंब चाखला नव्हता, पण झाकण उघडून नुसता वास घेतला की बॅच तयार आहे की नाही ते सांगायच्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं जंतू वाढवले होते. काका गॅरेजमध्ये बिअर करायचे आणि काकू तिला ‘यांचं कल्चर’ म्हणायच्या.

मी नागपूरहून आयटीच्या नोकरीसाठी आलेला, शेजारच्या घरात भाड्याने राहणारा. शनिवारी काकांच्या मदतीला जायचो. मदत म्हणजे बाटल्या धुणं. मी धुतलेली बाटली काकू उजेडात धरायच्या आणि परत द्यायच्या. “स्वच्छ दिसतेय. स्वच्छ नाहीये.” पाचव्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. ती शाबासकी होती, हे काकांनी मला नंतर समजावलं.

मार्चमध्ये काका गेले. सकाळी, चहा पिता पिता. इथे अंत्यसंस्कारालाही अपॉइंटमेंट लागते. आम्हाला दोन आठवड्यांनंतरची मिळाली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकू गॅरेजमध्ये, काकांनी बिअर लावलेल्या वीस लिटरच्या बादलीवर वाकलेल्या.

“झालीय,” त्या म्हणाल्या. “बाटल्यांत भरू. त्या दिवशी येणाऱ्यांना हीच द्यायची.”

“काकू, फेस धरायलाच दोन आठवडे लागतात. मग मुरायला महिनाभर. काका म्हणायचे ना.”

“माहितीये. आपल्याकडे तेरा दिवस आहेत.”

मी सुचवलं, फेसासाठी घालतात ती साखर दुप्पट घालू. त्यांनी माझ्याकडे न धुतलेल्या बाटलीकडे बघावं तसं बघितलं. “साखरेने यीस्ट पळत नाही. बाटल्या फुटतात. यीस्टला ऊब लागते.”

त्यांनी मोजून साखर घेतली, पाण्यात उकळली, गार करून बिअरमध्ये मिसळली. बाटल्या भरून बुचं लावली. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातले टॉवेल काढले आणि तिथे बाटल्या रचल्या. एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची, दाबून बघायला; आत गॅस धरला की ती कडक लागते. सकाळ-संध्याकाळ काकू प्रत्येक बाटली हलकेच उलटी-सुलटी करायच्या, तळाशी बसलेलं यीस्ट जागं व्हावं म्हणून. मग प्लास्टिकची दाबायच्या आणि कपाटाच्या दारावरच्या कागदावर नोंद करायच्या. मऊ. मऊ. मऊ. सांत्वनाला आलेल्यांना त्या चहा द्यायच्या आणि मधेच वर जाऊन यायच्या. लोकांना वाटायचं, रडायला जातात.

सातव्या दिवशी मी वर गेलो तर त्या जिन्यात बसलेल्या, मांडीवर ती बाटली. “होत नाहीये रे,” म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटला नाही. मी घरी जाऊन माझा छोटा हीटर आणला आणि कपाटासमोर लावला. मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

दहाव्या दिवशी कागदावर लिहिलं होतं : ‘दगड’. उरलेले दिवस बाटल्या फ्रिजमध्ये आणि काकूंची भाजी माझ्या फ्रिजमध्ये.

क्रिमेटोरियमनंतर सगळे हॉलमध्ये जमले. काकांचा दोस्त डेव्ह, निवृत्त पोस्टमन, त्याने घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, “आणखी महिनाभर ठेवली असती, तर फार छान झाली असती.”

“महिन्याने तू आला असतास का?” काकूंनी विचारलं.

डेव्हने प्रामाणिकपणे विचार केला. “बहुतेक नाही,” म्हणाला, आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

मग काकूंनी स्वतःसाठी ओतली. एक घोट घेतला. “कडू आहे,” म्हणाल्या. उभ्या उभ्या अख्खा ग्लास संपवला आणि विसळायला घेऊन गेल्या.

त्याच वर्षी त्या केंब्रिजला लेकीकडे राहायला गेल्या. बादली माझ्याकडे आली. परवा माझी एक बॅच काही केल्या फेस धरेना आणि शनिवारी मित्र यायचे होते. मी फोन लावला. “काकू, लवकर करायची तर काय करू?”

“का? कोण गेलं?”

“कोणी नाही. मित्र येतायत.”

“मग दुकानातून आण,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.