डॉमनिकची गिरकी

एका टेबलावर रोज डबे उघडले की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्या कामणच्या गोडाऊनमध्ये तर ते इतके साठलेत की स्टॉक घ्यायचा म्हटला तर अख्खा रविवार जाईल! गोडाऊन चपला-बुटांचं. मी बिलिंगला, हरीभाऊ लोडिंगला आणि डॉमनिक चेकिंगला. म्हणजे खोक्यात डावा-उजवा एकाच नंबरचा आहे ना, हे बघायला. कुणी किस्सा सांग म्हटलं की माझ्या तोंडात आधी डॉमनिकचेच येतात. हसतच सुरुवात करते, पण हल्ली शेवटपर्यंत हसता येत नाही.

*

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेम खेळायचो. माझ्या भाच्याने टाकून दिलेला व्हिडिओ गेमचा जुना सेट आणि टेबलाच्या टोकाला टीव्ही. मारामारीचा गेम. त्याचे पाच भाग आलेत, आणि प्रत्येक भागात हिरोची एक ठरलेली किक आहे. हवेत उडी, दीड गिरकी आणि उजवी टाच थेट समोरच्याच्या कानशिलात! आम्ही तिला गिरकीच म्हणायचो. ती आमच्यात एकट्या डॉमनिकला जमायची.

फक्त एक भानगड होती. हिरोने गिरकी मारली की डॉमनिकचा स्वतःचा उजवा पायही टेबलाखालून उडायचा आणि समोर बसलेल्या हरीभाऊंच्या नडगीवर बसायचा!

"आई गं! अरे, टीव्हीतल्याला मार ना! मी कोनाचं काय केलंय?"

"मग लांब बसा ना, हरीभाऊ!"

अख्खा बाक रिकामा असला तरी हरीभाऊ कधी लांब बसले नाहीत.

*

पाचवा भाग आला तेव्हा गेमवाल्यांनी गिरकीच्या बटणांचा क्रमच बदलून टाकला. डॉमनिक दिवसभर कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी मी आगाशीला बसमधून उतरते तोच त्याच्या बायकोचा, फिलोमिनाचा फोन.

"सुनीता, गोडाऊनमध्ये कोण वारलं गं?"

"कुणी नाही. का?"

"मग हा जेवत का नाही?"

खरं कारण सांगितलं, तर तिने फोनवरच त्याची अशी खरडपट्टी काढली की मला शेजारी बसल्यासारखी ऐकू आली! त्याने नवा क्रम खोक्याच्या झाकणावर लिहून घेतला. रविवारी मिसाच्या प्रार्थनेच्या वेळी देवळातही हा मांडीवर अंगठे हलवत बसला होता म्हणे. आठ दिवसांत गिरकी परत आली, आणि हरीभाऊंच्या नडगीवरचं काळंनिळंही.

*

डॉमनिकला शुगर होती. दिवाळीनंतर त्याच्या उजव्या टाचेला फोड आला.

"रोज शेकडो जोड्या तपासतो मी, आणि बूट चावला तो मलाच!"

आम्ही सगळे खो खो हसलो. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणाला, "नाताळ होऊ दे." मी पुन्हा विषय काढला नाही. तेव्हा त्याला हाताला धरून न्यायला हवं होतं. ही गोष्ट मला आजही छळते.

नाताळ झाला. जानेवारीत त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

*

हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघं भेटायला गेलो. चादर एका बाजूला सपाट होती. हरीभाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, "पानी घेऊन येतो." ते गेले ते तासाभराने उगवले. डोळे लाल, आणि हातात पाण्याच्या सहा बाटल्या!

डॉमनिक म्हणाला, "विहीर खणत होता काय, हरीभाऊ?"

त्यावर कुणीच हसलं नाही. कुणी हसावं अशी त्यालाही अपेक्षा नसावी.

*

चार महिन्यांनी तो कुबड्या घेऊन कामावर आला. आमच्याकडे एक मोठं खोकं असतं. त्यात जोडी चुकलेले, एकेकटे उरलेले बूट टाकतात. त्याच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते आदल्या दिवशीच माळ्यावर चढवलं होतं.

तो खुर्चीवर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "माझा स्टॉक कुठे लपवलास, सुनीता?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

त्या दिवशी दुपारी गेम लागला. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण कुणीच लाथ मारेना! नुसते गुद्दे. डॉमनिक सलग सात वेळा जिंकला. तोही गुद्देच मारत होता. आठव्यांदा त्याने रिमोट टेबलावर आपटला.

"पाय माझा गेलाय. तुमचा काय गेलाय रे?"

दुसऱ्या दिवसापासून तो त्याच्या चेकिंगच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून, एकटा जेवायला लागला. पंधरा दिवस गेले. फिलोमिना फोनवर म्हणाली, "घरीही तसाच बसतो गं. राजीनामा लिहून ठेवलाय." मी दोनदा बोलवायला गेले. तो म्हणाला, "भूक नाही."

*

सोमवारी हरीभाऊ उठले. काही न बोलता त्यांनी डॉमनिकचा उघडा डबा उचलला आणि आमच्या टेबलावर आणून ठेवला. आता डब्याच्या मागे माणसाला यावंच लागलं! कुबड्या ठकठक वाजवत, पुटपुटत तो आला आणि आपल्या जुन्या जागी बसला. हरीभाऊ समोर. रिमोट हातात येताच हरीभाऊंच्या खेळाडूने डॉमनिकच्या हिरोच्या पोटात सणसणीत लाथ हाणली. मग दुसरी. मग तिसरी.

डॉमनिकचे कान तापले. अंगठे सरसर फिरले. हिरो हवेत उडाला, दीड गिरकी, टाच कानशिलात! टेबलाखाली त्याची मांडी उसळली आणि पिन लावून दुमडलेली पँट नुसतीच हलली. ते त्यालाही कळलं. त्याचा चेहरा पडला.

"आई गं!" हरीभाऊ कळवळले. वाकून नडगी चोळायला लागले. "हळू मार रे! रोज तिथंच लागते!"

डॉमनिक त्यांच्याकडे बघत राहिला. टीव्हीवर पुढची फाइट सुरूही झाली होती.

मग म्हणाला, "मग लांब बसा ना, हरीभाऊ."