टोपी असेल तरच

आमच्या हिच्या मामांना बोडक्या डोक्याने सॅल्यूट करताना पाहिलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि त्यांना डाव्या हाताने सॅल्यूट ठोकलेला माणूस माझ्याखेरीज दुसरा नसेल. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या देगलूरकडच्या खेड्यात गेलो होतो. रिटायर हवालदार मामा दारात उभे. म्हटलं, फौजी माणूस आहे, जरा छाप पाडावी. उजव्या हातात पेढ्यांचा पुडा आणि हिची बॅग होती, म्हणून मोकळा होता तो हात कपाळाला लावला. मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हात चुकला, डोक्यावर टोपी न्हाई, आन् कमरेतून वाकलात कशाला? बाकी बेस हाय."

टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, नुसतं सावधान. मामांचा सगळा धर्म एवढ्यात आटोपतो. त्यांची पलटणीची टोपी मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत झोपलेली असते. ती पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला तेवढी उठते. एरवी कुणी सॅल्यूट केलाच, तर मामा हात खाली ताणून ताठ उभे राहतात, मग जागा कुठलीही असो. एकदा एसटीत कंडक्टरने ओळखून गमतीने सॅल्यूट केला. मामा चालत्या गाडीत उठून, दांडी न धरता सावधान झाले आणि पुढच्या वळणावर एका बाईंच्या वांग्यांच्या टोपलीत विश्राम झाले.

या नियमाला पळवाट शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्कूटरवर मागे बसताना त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. मी म्हटलं, "मामा, हे चालेल की!" तर म्हणाले, "हे इकत घेतलेलं हाय." लातूरला एका लग्नात त्यांना फेटा बांधला आणि माइकवाला ओरडला, "मामा, एक सॅल्यूट होऊन जाऊ द्या!" मामा म्हणाले, "भाड्याचा हाय. सांजच्याला परत द्यायचाय." मोबाइलवर साध्या कपड्यांत सॅल्यूट करणारे माजी सैनिक दाखवले, तर कौतुकाने पाहून म्हणाले, "करू द्या की. त्यांचं त्यांच्यापाशी. पर मला शिकवलं ते असं, की टोपी मिळावी लागते. दुसऱ्यानं आपल्या डोक्यावर ठेवावी लागते. तवा हात उठतो."

आणि या दोन दिवसांखेरीज हा हात उठायचा तो एका माणसासाठी. हिमायतनगरकडचा त्यांचा पलटणीतला जोडीदार. दोघे वर्षातून एकदा नांदेडच्या बसस्टँडवर भेटायचे. दोघेही पिशवीतून टोप्या काढायचे, डोक्यावर नीट बसवायचे, समोरासमोर उभे राहून कडक सॅल्यूट करायचे आणि लगेच एकमेकांना "का रे बैला" म्हणून मिठी मारायचे. एकदा मीही सोबत होतो. जोडीदार मला डोळा घालून मामांना म्हणाला, "माझ्या मयताला बोडका येऊ नको बरं. तसाच उठून बसंन."

गेल्या थंडीत मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे लातूरला होते, काळा चष्मा लावून. सकाळी फोन आला, जोडीदार गेला. दुपारी अंत्यविधी होता. मी गाडी काढली. मामांनी एकच विचारलं, "देगलूरवरून जाता येतंय का?" टोपी गावाकडे ट्रंकेत होती. मी म्हटलं, "मामा, मग मातीला वेळेत पोचणार नाही." वाटेत भोकरला टोपी घ्यायला म्हणून एका कापडदुकानासमोर मी गाडी हळू केली, तर मान हलवून म्हणाले, "नगं, जावईबापू."

जोडीदाराच्या गावी, स्मशानात, सुट्टीवर आलेले दोन-तीन जवान वर्दीत होते. त्यांनी सॅल्यूट केला, तसे सरपंचांपासून सगळ्यांचे हात कपाळाला गेले. माझाही गेला. मामा तेवढे हात खाली ताणून उभे. मागे कुणीतरी कुजबुजलं, "जोडीदार म्हनं. साधा हात बी उचलंना." मामांच्या कानावर ते गेलं असणार, कारण त्यांच्या मुठी वळल्या. हात मात्र जागचे हलले नाहीत. चष्मा काळा असल्यामुळे बाकी काही कळलं नाही.

तेवढ्यात मयताचे थोरले भाऊ, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत मामांपाशी आले. "बोडका येऊ नको म्हनलं होतं ना तुला त्यानं?" असं म्हणत त्यांनी आपल्या डोक्यावरची मळकट पांढरी टोपी काढली आणि मामांच्या डोक्यावर ठेवली. टोपी मोठी होती, पार चष्म्यापर्यंत घसरली.

मामांचा हात उठला. जवानांचे हात खाली आले, सरपंचांचा आला, मामांचा येईना. शेवटी थोरल्यांनीच कोपराला धरून तो खाली घेतला. टोपी परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी."

रात्री घरी आल्यावर मामा न जेवता झोपले. उशाला ती टोपी, घडी घालून. मी हिला सगळं सांगितलं, आणि सवयीने जरा विनोद करायला गेलो, की एवढा नियमाचा माणूस, शेवटी दुसऱ्याच्या टोपीत सापडला! ही हसली नाही. मामांच्या खोलीचा दिवा घालवून आली आणि म्हणाली, "त्यांना मामांनी सॅल्यूट केला. आता मामांना करणारं कुणी राहिलं नाही." मग माझ्या डाव्या हाताकडे पाहून म्हणाली, "तुम्ही उजव्या हाताची सवय करून घ्या."