जावयांच्या हातचं ऑइल

बाळांनो, आपली जुनी गाडी विकलेली नाही. तुमच्या बाबांच्या कानावर फोनवरून काहीही आलं असेल, म्हणून घडलं ते क्रमाने सांगते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमची आत्या माहेरी आली होती. तिला न्यायला तुमचे फुवा, म्हणजे आमचे जावई, कळसाडीहून आले. जावई आले की त्यांच्या वाटीत आमरस कमी पडू नये आणि त्यांच्या बोलण्यात कोणी चूक काढू नये, असा आपल्याकडचा रिवाज. आमरसाचं मला जमतं.

जेवण झाल्यावर त्यांनी, कोणी न सांगता, गाडीचं बॉनेट उघडलं. क्लचच्या छोट्या डबीतलं ऑइल खुणेच्या खाली गेलं होतं. तेवढं त्यांना बरोबर दिसलं. लगेच आपल्या ट्रॅक्टरजवळचा कॅन आला.

"आई, हायड्रॉलिक ऑइल शे. ट्रॅक्टरमा आम्ही हाईच टाकतस."

"टोपणावर ब्रेक ऑइल टाका असं लिहिलंय," मी म्हटलं.

"लिखेल ऱ्हास, आई. कंपनीवाला काहीबी लिखतस."

वाचायचे कष्ट वाचवण्याची ही पद्धत मला कोणी शाळेत शिकवली नाही. डबी काठोकाठ भरली गेली. तुमच्या आत्याने डोळ्यांनी मला गप्प बसवलं.

काही दिवसांनी चिंचपाड्याला निघाले, तर क्लचचं पेडल खाली गेलं ते गेलंच. मी पाय काढला तरी पाहुण्यासारखं बसून राहिलं. गिअर टाकावा तर करकर. फोनवर जावयांनी गाडी न बघता निकाल दिला.

"क्लचप्लेट गयी, आई. मोठा खर्चा शे. विकी टाका, मन्हा भाऊ लई लेईन. आन आते ह्या वयमा तुम्हले कोठे जावानं ऱ्हास?"

कुठे म्हणजे? चिंचपाड्याला माझी शाळेतली मैत्रीण राहते. दोघी बसून आम्ही जगाची उणीदुणी काढतो, घरच्यांना कळू नयेत म्हणून इंग्रजीत. गाडी गेली की कोणीतरी मला 'नेणार', शेजारी बसून घड्याळ बघणार आणि चहा संपायच्या आत 'निघूया' म्हणणार. तसं भेटण्यापेक्षा न भेटलेलं बरं.

म्हणून मी स्वतः तपासायला घेतलं. प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. इथे उलटं होतं. इंजिन बंद असताना गिअर सरळ पडत होता, चालू केलं की पडेना. म्हणजे प्लेट सुटतच नव्हती, पायाचा दाब तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. डबीचं टोपण उघडलं, तर आतलं रबर भिजवलेल्या वालासारखं फुगलेलं. ते परत बसेना. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दुसरं ऑइल पडलं तर सगळी रबरं खराब होतात. पण कंपनीवाले काय, काहीही लिहितात.

शहाद्याहून मिस्त्री आला. त्याने वास घेऊनच विचारलं, "यामा ट्रॅक्टरनं ऑइल कोणी टाकं?"

"जावयांनी."

"मंग काई बोलता येत नही," असं म्हणून तो गाडीखाली शिरला.

क्लचचे वरचा-खालचा दोन्ही सिलिंडर बदलले, रबरी नळी नवी घातली, पाइप धुतला, ब्रेक ऑइल भरलं. मग मी आत बसून पेडल दाबत राहिले आणि तो खालून हवा काढत राहिला. हळूहळू पेडल माझ्या पायाला उत्तर देऊ लागलं.

पुढच्या खेपेला वाट वाकडी करून आधी कळसाडीला गेले. जावयांच्या भावाने आपल्या या जुन्या गाडीसाठी अंगणातली जागा झाडूनसुद्धा ठेवली होती. मी तिथेच गाडी लावली. चहा झाला. जावई चार माणसांत म्हणाले, "मी काय सांगं व्हतं! ऑइलनाच लोचा व्हता." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट खाल्लं.

निघताना गाडीत बसले, तोच जावई कॅन घेऊन आले. "आई, वाटमा कमी पडी. जरासं टाकी देऊ का?"

मी क्लच दाबला. रिव्हर्स गिअर हूं की चूं न करता पडला. "येते हं," म्हटलं, आणि कॅनसकट त्यांना अंगणात ठेवून चिंचपाड्याचा रस्ता धरला. त्या दिवशी इंग्रजीत बोलायला विषय भरपूर होता.