पेनाचे दात

पाथरीच्या बाजारातला तो शेळ्यांचा दलाल जुन्या शाईपेनांचीही पारख करतो, पण रीत शेळीचीच. सासऱ्यांचं पेन विकावं की ठेवावं या पेचात मी त्याच्या घरी गेलो. त्यानं टोपण काढून आधी दात बघावेत तशी निब बघितली, पाठीवरून हात फिरवला, मग कागदावर चालवून पेन लंगडत नाही ना, याची खात्री केली.

"लय अस्सल हाय, सर. निब सोन्याची."

मग बाजारात चारचौघांपासून भाव लपवतात तसं माझ्या हातावर उपरणं टाकून तो आतून बोटं दाबायला लागला. आसपास चिटपाखरूही नव्हतं.

"अहो, कोणापासून लपवायलात?"

पेनाकडं डोळ्यांनी खुणावत तो कुजबुजला, "हळू बोला. किंमत कळली की हे लिहायचं सोडून देतंय."