कुंताची गोड भिंत

पांढऱ्या मातीनं भिंत पोतारावी तर कुंतानं, असं सारी वस्ती म्हणायची. चंद्रपूरच्या कडेला, बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्याला पाठ लावून ही वस्ती उभी. बहुतेक घरं सावली तालुक्यातून पोटासाठी आलेल्या, मासे धरणाऱ्या ढिवरांची. कुंता तिकडचीच. नवरा बाबुलाल वारला, मुलगा मिथुन ट्रकवर गेला, तिच्यापाशी राहिला तो हातातला गुण. दिवाळी तोंडावर आली की बाया तिला बोलावून न्यायच्या. ती फडकं असं फिरवायची की भिंतीवर एक ओघळ दिसत नसे. या कौतुकावर ती जगायची आणि थोडी मिजासही करायची. का करू नये? गरिबाजवळ मिजास करण्यासारखं असतंच किती.

तिची मातीही खास. गावाकडे पांढरी माती नाल्याकाठी मिळायची, इथे ती कुंतानं कारखान्यात शोधून काढली. कपांना चकाकी चढवून उरलेलं पाणी ज्या हौदात सोडत, तो सुकून तळाशी पांढरा गाळ बसला होता. लोण्यासारखा मऊ, नावाला खडा नाही. पडक्या कंपाउंडातून ती घमेलं भरभरून आणायची. पुढे सगळ्याच बाया नेऊ लागल्या, पण वाट दाखवली ती कुंतानंच.

सून रोशनीला दिवस गेले तेव्हा माती खायचे डोहाळे लागले. ती भिंतीचे पोपडे काढून चघळायची. गोड लागते म्हणायची. मग नात झाली, दिव्यानी. रांगता रांगता तीही भिंत चाटू लागली.

"गोड लागते का वं माही भिंत?" कुंता हसून विचारायची.

पोर पाच वर्षांची झाली तरी जेमतेम चार शब्द बोलायची. त्यातला एक, 'गोड'. पोट धरून रडायची, चालताना अडखळायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले. कुंतानं तिच्यासाठी कोपरा न् कोपरा पुन्हा पोतारून काढला, घर स्वच्छ असलं की पोर सुधारेल म्हणून.

यंदा कारखान्याच्या जागेवर बगिचा करायचं ठरलं. आधी जमीन तपासायला रीना मॅडम आल्या, आणि झुडपं तोडायला कुंता रोजीनं लागली. मॅडमनी जागोजागी भोकं पाडून माती पिशव्यांत भरली. हौदापाशी येऊन मात्र त्या थबकल्या. तळ पार खरवडलेला होता.

"जुन्या नकाशात इथं गाळ दाखवलाय. गेला कुठं?" त्यांनी चौकीदार चैतूला विचारलं. "त्यात शिसं होतं. चवीला गोड लागतं, पण लहान मुलांच्या पोटात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो."

चैतूला सगळं ठाऊक होतं. तो खाली पाहू लागला. कुंताचा विळा हातातच राहिला. ती गप्प बसली असती तर कुणी तिचं नाव घेतलं नसतं; बोलली तर वस्ती तिला सोडणार नव्हती. पण भिंतीला जीभ लावलेली दिव्यानी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"म्या नेला, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या भिंतीवर हाय. साऱ्या वस्तीच्या."

मॅडम भल्या होत्या. शिसं मोजणारं बंदुकीसारखं यंत्र घेऊन त्याच दिवशी घरी आल्या, भिंतीला टेकवलं, आकडा पाहिला आणि आधी पोरीला बाहेर न्या म्हणाल्या. दवाखान्यात रक्त तपासलं. रक्तातही शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता आणखी पोटात जाऊ देऊ नका. गेलं त्यातलं किती भरून येईल, सांगता येत नाही. रोशनी पोरीला सासूच्या हातून घास घेऊ देईना.

शेजारची शकुबाई तोंडावर बोलली. "हात धरून तूच नेलं होतं ना मले तिथी?"

"हो," कुंता म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय?

मॅडमनी वस्तीचं वर लिहून कळवलं. उत्तर आलं की काम फक्त कंपाउंडाच्या आतल्या जमिनीचं मंजूर आहे. भिंती कंपाउंडाबाहेर. संपलं! आतली खराब माती झाकलेल्या ट्रकांतून दूर गेली, नवा मुरूम पडला, गवत लागलं, पाळणे आले. आणि ज्यांच्या पोटात शिसं गेलं ती पोरं कुणाच्याच कामात बसेनात. याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

कुंतानं खुरपं उचललं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तोंडाला फडकं बांधून, भिंत ओली करून ती खरवडू लागली. आधी आपली, मग जी दार उघडेल तिची. काहींनी उघडलं, काहींनी तोंडावर लावून घेतलं. जे हात भिंतीवर फिरले की बाया बघत उभ्या राहायच्या, त्याच हातांनी ती आपलं सगळं काम पुसत होती. खरवडलेल्या चिखलाचं पहिलं पोतं डोक्यावर घेऊन ती बगिच्याच्या फाटकाशी गेली. चैतू तिथेच होता, नव्या वर्दीत.

"आत नाई टाकता येत, कुंताबाई."

"इथलीच हाय, भाऊ. इथूनच नेली होती म्या."

"ठाऊक हाय. पण आता हे जागा साफ झाली. कागद आला तसा."

"मंग कुठी टाकू?"

चैतूला ते कुणी सांगितलं नव्हतं. वस्तीजवळच्या तळ्यात टाकावं तर तिथे वस्तीची जाळी पडतात, नाल्यात टाकावं तर तो तळ्यालाच मिळतो. कुंतानं पोतं परत आणलं आणि अंगणात, उघड्या पडलेल्या भिंतीलगत ठेवलं.

रोशनीची पाठ वळली तशी दिव्यानी अडखळत तिथे आली. तिनं ओल्या पोत्यावर हात ठेवला, आजीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "गोड."